पाचशेला घडी नाही

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, जाड काळ्या मार्करने. कोणी वाचू नये म्हणून कपाटात चादरींच्या खाली ठेवणार. तसा मी स्वतःही वाचू शकत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला, कडा शाबूत आहेत. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. लिहिलेली ओळ लिहिता लिहिताच गायब होते. गुप्ततेच्या दृष्टीने उत्तम.

मनस्वी दिवाळी आटोपून आज डोंबिवलीला गेली. जाता जाता आईला बजावून गेली की बाबांच्या हातात कॅश द्यायची नाही. पोटच्या मुलीने हे म्हणावं! पतपेढीत बत्तीस वर्षं कॅश सांभाळली मी. अख्खं चिपळूण अजून विठूभाऊ कॅशियर म्हणतं.

आणि कारण काय, तर भाऊबीजेला ताईच्या ताटात दोनशेऐवजी वीस गेले. ताई बोलली काही नाही. ओवाळून झाल्यावर परत ओवाळायला लागली, मला वाटलं तिचं काही राहिलं असेल. वीस पण पिवळी, दोनशे पण पिवळी. यात माझा काय दोष?

मथुरेशी (बायको) वाटाघाटी केल्या. ठरलं असं : मार्गशीर्ष लागेपर्यंत बाजार मीच करायचा, एकट्याने. रोज संध्याकाळी ती कॅश मोजणार. टॅली होत गेली तर बाजार कायमचा माझा. नाही झाली तर मार्गशीर्षापासून पैसे तिच्याकडे, आणि मी मागे पिशवी धरून. असे नवरे पाहिलेत मी बाजारात. त्यांना मासेवाल्या हाकसुद्धा मारत नाहीत.

रिटायर झाल्यापासून बाजार एवढं एकच ऑफिस उरलंय मला. तेवढं जाता कामा नये.

मथुरेने खणाच्या उरलेल्या तुकड्याचा एक बटवा शिवून ठेवला आहे. चार कप्पे, प्रत्येकाला वेगळं बटण. नोटा वेगवेगळ्या ठेवा म्हणे. नम्रपणे नाकारला. कॅशियर बटव्यातून पैसे देत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सिस्टीम तयार. रात्री झोपताना सुचली. घडीवरून नोट ओळखायची :

पाचशेला घडी नाही. दोनशेला लांबीतून घडी. शंभराला मधोमध एक. पन्नासला दोन. वीसचा कोपरा दुमडलेला. दहाच्या नोटा घ्यायच्याच नाहीत, नाणी मागायची.

खरं तर घडीचीही गरज नाही. दोनशे आणि पाचशेच्या लांबीत चार मिलिमीटरचा फरक असतो, तो माझ्या बोटांना कळतो. पण लोकांसाठी आपलं काहीतरी पद्धतशीर असावं.

मथुरेसमोर प्रात्यक्षिक केलं. सगळ्या नोटा बरोबर ओळखल्या. ती म्हणाली की घरात बसून कोणीही पोहतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार, रात्री जेवण झाल्यावर

पहिला दिवस. पास. किरकोळ बाबी सोडल्यास.

पाखाडीच्या पायऱ्या उतरून मच्छी मार्केट. सोनूबाईकडे बांगड्यांचा वाटा घेतला. सोनूबाई म्हणजे आमची नेहमीची मासेवाली. पतपेढीत तिचं खातं होतं, तेव्हापासूनची ओळख. तिने बांगडे साफ करायला घेतले. तोवर मी पैसे आधीच काढून हातात तयार ठेवले. गिऱ्हाइकाने काउंटरवर येऊन खिसे चाचपणं मला कधीच आवडलं नाही. गप्पा झाल्या. एकवीसच्या पुरात पतपेढीत छातीभर पाणी शिरलं, तिजोरीतल्या नोटांचा चिखल झाला, आणि मी एकेक नोट सोडवून, पुसून, पंख्याखाली वाळवून शेवटी कॅश कशी टॅली केली, ते सांगितलं. तिने आधी ऐकलंय. तरी ऐकते. माणूस चांगलं.

पैसे देताना मात्र पहिली नोट पाचशेची म्हणून दिली ती पन्नासची निघाली. दुसरी पाचशेची म्हणून दिली ती शंभराची. एकाही नोटेला घडी लागेना, म्हणजे पाच मिनिटं खिशात नुसत्या पाचशेच्याच होत्या. तेवढ्यापुरता श्रीमंत. सोनूबाईने हसून योग्य ती नोट स्वतः उचलून घेतली. मार्केटात उजेड कमी.

येताना देवळाच्या पेटीत वीस टाकले. कोपरा दुमडलेला वाटला होता. मथुरेने मोजल्यावर दोनशेची नोट गायब आणि वीसची हजर. देवाकडे सुट्टे मागता येत नाहीत. डिफरन्स सस्पेन्स खात्यात टाकला. बँकेत असंच करतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वाणसामान. नितेशच्या दुकानात गर्दी. नितेश पोरगा हुशार पण जिभेला हाड नाही. मी लांबीवरून शंभर म्हणून दिलेली नोट त्याने परत माझ्या हातात ठेवली. काका, दोनशे आहेत, म्हणाला, एवढा माज बरा नाही. दुकानातली माणसं हसली. मी म्हटलं, तुझा प्रामाणिकपणा तपासत होतो. यावर तो म्हणाला की गेल्या वेळेलाही तपासला होतात, आता सर्टिफिकेट द्या.

खिशातल्या नोटा सरळ कशा होतात हा प्रश्न आहे. घरून निघताना घड्या घालून निघतो. स्वतः घालतो. बाजारात पोचून दोन शब्द कोणाशी बोलावेत, की सगळ्या सपाट.

संशय कोणावर घेणं बरं नव्हे. नोंद करून ठेवतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून टेक्नॉलॉजी. मनस्वीने फोनवर नोट ओळखणारं ॲप घालून दिलं होतं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बाई बोलते.

भर बाजारात नारळवाल्यासमोर नोट धरली. ॲपमधली बाई जी ओरडली, पाचशे रुपये! फोनचा आवाज मी कालच्या बातम्यांसाठी पूर्ण वाढवून ठेवला होता. पलीकडच्या केळीवाल्याने वर बघितलं. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवाची पावतीपुस्तकं घेऊन दोन कार्यकर्ते फिरत होते, ते मधमाश्यांसारखे आले. नाही म्हणायची सोय राहिली नाही, रक्कम सगळ्यांनी ऐकलेली. पाचशेची पावती फाडली.

नारळ उधार.

ॲप बंद. प्रायव्हसीचा प्रश्न आहे.

मथुरेला पावती दाखवली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि नमस्कार केला. देवाला की मला, कडेने नीट दिसलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

छडा लागला. ही सगळी करणी मथुरेची.

पुरावा असा : शर्ट धुवायला टाकण्याआधी ती खिसे तपासते. नोटा काढते, ताटाखाली दाबून सरळ करते, परत ठेवते. बायकांना सपाट वस्तूंची आवड असतेच. शिवाय मी हरलो की बाजार तिच्याकडे. हेतू सिद्ध, संधी सिद्ध.

तोंडावर सांगितलं. तिने पदर खोचला. म्हणाली की तुमच्या खिशात हात घालायला तुम्हाला आता पगार तरी येतो का. मग म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं. मग दुपारी फक्त आमटी-भात वाढला. पापड तळल्याचा वास आला होता. पापड आला नाही.

उद्यापासून पाकीट उशीखाली.

९ नोव्हेंबर, रविवार

पाकीट रात्रभर उशीखाली. सकाळी उठल्या उठल्या चाचपलं. घड्या जागच्या जागी. मथुरा देवळाच्या वाटेवर भेटली तेव्हाही पाकीट माझ्या मुठीत होतं. मार्केटात सोनूबाईला बांगडे द्यायला सांगितले. ती साफ करेपर्यंत पैसे हातात काढून उभा राहिलो, कोळंबीचे भाव चढलेत त्यावर बोललो. द्यायला गेलो तर सगळ्या नोटा सरळ. गुळगुळीत. एकावर एक.

म्हणजे मथुरा नव्हे.

आता शास्त्रीय विचार करणं आलं. आजकालच्या नोटांचा कागद ताठ असतो. तळहाताची ऊब लागली की घडी सुटत असावी. इस्त्रीला काय लागतं, ऊबच लागते. माझ्या हातात मुळातच उष्णता जास्त, आई म्हणायची.

उपाय : नोटा फार वेळ हातात धरायच्या नाहीत.

मथुरेची माफी मागायला हवी. योग्य वेळ बघतो. आज कॅश ऐंशी रुपये शॉर्ट. रिक्षावाला सुट्टे देताना घाईत होता, मी पण.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घड्या घट्ट घातल्या. नखाने दाबून दाबून. दोन नोटांना तर रबर लावलं.

परत सरळ. रबर मनगटात आढळलं.

मथुरेने विचारलं की रबर मनगटात आपण होऊन चढलं का. मी म्हटलं उष्णतेने प्रसरण. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटली. हसत असावी असा मला संशय आहे.

बटवा कपाटाच्या मुठीला अडकवून ठेवलाय तिने. येता जाता हाताला लागतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको.

मार्केटात रविवारची गर्दी. सुरमई घेतली. मार्गशीर्ष शुक्रवारी लागतो, त्यात आमच्याकडे मासे बंद. म्हटलं त्याआधी एकदा चांगलं खाऊ. चारशे झाले. पाचशेची नोट दिली. घडी नव्हती. माझ्या सिस्टीमप्रमाणे पाचशेच. शंभर परत मिळण्यासाठी हात पुढे केला.

सोनूबाई म्हणाली, भाऊ, ही शंभराची.

रोज हसण्यावारी नेतो. आज मागे रांग होती. कोणीतरी हसलं. कडेने बघितलं तर कान ओळखीचे, पतपेढीतले गुरुप्रसाद. माझ्यानंतर त्यांनाच हेड कॅशियर केलंय. माझं डोकं फिरलं. मोठ्याने म्हणालो की बत्तीस वर्षं नोटा मोजल्यात, मला पाचशे कळतात, मी पाचशेच दिले, तू हात मारलास.

असं म्हणालो. सोनूबाईला.

माश्यांचं घोंगावणंसुद्धा ऐकू यायला लागलं. तिने कमरेची पिशवी सोडली आणि सगळे पैसे समोरच्या फळीवर ओतले. मोजा, म्हणाली. पाचशेची एक नोट निघाली तर पाटीसकट सुरमई घेऊन जा. तुम्ही कॅशियर ना, मोजा.

मी फळीकडे बघत राहिलो. जिथे बघावं तिथे राखाडी. हात पुढे गेला नाही. गुरुप्रसाद पुढे झाले असावेत, नको म्हणून तिने त्यांना थांबवलं. मीच मोजावं म्हणाली.

पाखाडी चढून घरी आलो. मासे न घेता. मथुरेला म्हटलं आज सुरमई नव्हती.

तिने संध्याकाळची कॅश मोजली. पाचशेची नोट माझ्याच खिशात होती. सगळ्यात वर. खाली दोनशे, मग शंभर, मग पन्नास. क्रमाने.

सोनूबाईने गुपचूप परत टाकली असेल का? तसंही असू शकतं.

नसेल.

फार वाईट वाटलं. मार्कर कागदावर नुसता खरखरतोय. संपला बहुतेक.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री

नवा मार्कर.

मथुरेला बाजारातलं कळलं. पाखाडीवरच्या यमुनाबाईंकडून. चिपळूणमध्ये बातमी माझ्या आधी घरी येते. ती ओरडेल वाटलं. ओरडली नाही. जेवणानंतर पडवीत येऊन शेजारी बसली. माझ्या हातात घड्या घातलेल्या नोटा ठेवल्या, तिने स्वतः घातलेल्या, माझ्या सिस्टीमप्रमाणे. नुसत्या धरून ठेवा म्हणाली. आणि म्हणाली की ते पुराचं सांगा ना एकदा.

मी म्हटलं, आत्ता? ती म्हणाली, आत्ताच. पुराला चार वर्षं झाली, हिने आपण होऊन कधी विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं.

सांगितलं. पाणी कसं पायऱ्या चढून आलं. तिजोरी उघडल्यावर आतून येणारा वास. नोटांची पुठ्ठ्यासारखी झालेली बंडलं. टेबलांवर जुनी धोतरं पसरली, त्यावर नोटा, वर पंखे. पोरं कंटाळून निघून गेली तरी मी बसलो. एकेक सोडवायची, पुसायची, सरळ करायची, तोंडं एकीकडे करायची, दुसरी घ्यायची. शेवटी टॅली. एक नोट कमी नाही. त्या दिवशी चेअरमनने माझा हात हातात घेतला होता.

संपल्यावर मथुरा म्हणाली, आता हात बघा.

बघायची गरज नव्हती. बोटांना कळलं. एकही घडी नाही. नोटा कडेला कडा लावून रचलेल्या, मोठी वर, लहान खाली. मथुरेने दिवा जवळ आणून बघितलं. म्हणाली की गांधीजींची तोंडं पण सगळी एकीकडे आहेत. डोळ्यांना दिसत नाही, हातांना कसं दिसतं हो, असं विचारलं तिने.

मीच. पहिल्या दिवसापासून मीच.

नुसता उभा राहिलो, बोलायला लागलो की हात आपापलं काम करतात. बत्तीस वर्षं हेच केलं त्यांनी. त्यांना कोणी रिटायर केलंच नाही. सोनूबाईला चोर म्हणालो आणि चोर माझ्या मनगटांना लागलेले होते.

मी म्हटलं, मथुरे, चुकलो. ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे पीळच उलगडून बसलाय मेला. मग हसली. मग मीही. मग रडायला आलं, ते वाऱ्यावर ढकललं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच सोनूबाईकडे गेलो. मथुरा येते म्हणाली, मी एकटा जातो म्हटलं. बोललो मी, मीच निस्तरायला हवं.

गिऱ्हाइकं होती. थांबलो नाही. त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने बोललो तेवढ्याच मोठ्याने सांगितलं की माझं चुकलं, नोट माझ्या खिशात होती, सोनूबाईने हात मारला नाही, माझेच हात बिघडलेत.

ती कोयता लाकडावर आपटत राहिली. मग म्हणाली की भाऊ, हात बिघडलेत ते सगळ्या मार्केटाला ठाऊक आहे. मी मासे कापते आणि तुम्ही पलीकडे नोटा चोळत बसता. आम्ही म्हणायचो, कॅशियर भाऊंचा जप चाललाय, मध्ये बोलू नका.

जप!

सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाली की माणसाच्या जपाला कोण टोकतं. पण चोर म्हणालात ते लागलं. दोन दिवस भाकर गोड लागली नाही, म्हणाली. मी तसाच उभा राहिलो. शेवटी तिने सुरमईचे दोन काप पिशवीत टाकले आणि रविवारच्याच भावाने पैसे घेतले. एक रुपया कमी केला नाही. ते बरं वाटलं.

पैसे बटव्यातून दिले. होय, बटवा. मथुरेचाच. चार कप्पे, चार बटणं. मोठं बटण पाचशे, चौकोनी दोनशे, शिंपल्याचं शंभर, प्रेसबटण बाकीचं. एकही चूक झाली नाही. सोनूबाई म्हणाली, आता कसं. नितेशच्या दुकानातही थांबलो, मीठ घेतलं, कारण नसताना. बरोबर पैसे. नितेश म्हणाला, काका, आज सर्टिफिकेट मी देतो.

पाखाडी चढताना वाटलं, जिंकलो. बटव्याची कल्पना चांगली आहे. थोडी माझ्याच सिस्टीममधून निघालेली आहे. वाटेत यमुनाबाईंना थांबवून समजावून सांगितली. त्यांना वेळ होता. पुराचा विषयही निघाला.

घरी येऊन बटवा मथुरेच्या हातात दिला. मोज, म्हटलं.

तिने मोठं बटण काढलं. मग चौकोनी. मग शिंपल्याचं. मग प्रेसबटण.

तीन कप्पे रिकामे, म्हणाली. सगळ्या नोटा एकाच कप्प्यात आहेत. मोठी वर, लहान खाली.

तोंडं?

एकीकडे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्गशीर्ष लागला. बाजारात भाजी घ्यायला मथुरेबरोबर गेलो. पैसे तिच्याकडे. ती पुढे, मी मागे. सोनूबाईचा ओटा लांबून पार करत होतो, तिने हाक मारली. भाऊ, आज दोन्ही हात कामाला लागले वाटतं, म्हणाली. म्हणजे पिशवीवाल्यांनाही हाक मारतात.

घरी येऊन मथुरेने पैसे मोजले. बरोबर. पै न पै. दिवाळीनंतर पहिल्यांदा कॅश टॅली झाली.

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.